जादूगाराला तुम्ही, नवऱ्याला तू

इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की काम भागतं. मराठी बाईचं तसं भागत नाही. गेममधला तो जादूगार माझ्याशी पहिल्यांदा बोलला, तेव्हा मला आधी प्रश्न पडला तो हाच, की याला अरे म्हणायचं की अहो. स्क्रीनवर उत्तराचे पर्याय इंग्रजीत लिहिलेले होते आणि मला त्यातला एक दाबायचा होता. मी तोंडानं काहीही म्हटलं असतं तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं. पण कानशिलावर केस पिकलेल्या, पाठीवर पुस्तकांचं ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाला अरे-तुरे कसं करायचं? साताऱ्यात वाढलेल्या मुलीला ते जमत नाही. मी म्हटलं, “अहो, ते राहू द्या. आधी त्या हाताला काय झालंय ते सांगा.” आणि त्या अर्थाचा पर्याय दाबला. कोपऱ्यात छोटीशी ओळ उमटली, की जादूगाराला हे आवडलं.

मला इतकं बरं वाटलं, की मी स्वतःवरच चिडले.

गेम माझ्या नवऱ्याचा होता, कॉम्प्युटरही त्याचाच. एका पडझड झालेल्या राज्यातून आपण चालत जायचं, वाटेत सोबती मिळवायचे, राक्षस मारायचे, आणि संध्याकाळी मुक्कामाला शेकोटीपाशी सोबत्यांशी बोलायचं. आपली उत्तरं आवडली तर ते जवळ येतात, नाही आवडली तर तुटक वागतात, आणि काहींच्या बाबतीत प्रकरण प्रेमापर्यंत जाऊ शकतं. नवरा कुणाशीच बोलत बसायचा नाही. तलवार काढायची, मारामारी करायची, पुढं जायचं. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बघत बसायचे आणि म्हणायचे, “अरे, तो काहीतरी सांगतोय, ऐकून तर घे.” शेवटी तो म्हणाला, “तू खेळ. तुझा वेगळा सुरू कर.” मी केला.

हे सगळं कोलकात्यात, बेलेघाट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये. नवऱ्याचं घराणं मराठी खरं, पण इथं येऊन त्यांच्या चार पिढ्या झालेल्या. पणजोबा शिकवायला आले आणि राहिले. मी लग्नाआधी एकच अट घातली होती, की घरात मराठी बोलायचं. हिंदी-इंग्रजीत संसार करायला मला जमणार नाही, असं मी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. तो म्हणाला, “हो, बोलेन ना मी.” आणि हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं, की त्यानं ते पाळलं.

पण त्याचं मराठी म्हणजे आईकडून आलेलं मराठी. जेवायला ये, पाय धू, ऊन लागेल, परत वाढू का. एवढ्या मुलखात तो अगदी पक्का होता. त्यापलीकडचं सगळं, म्हणजे शाळा, मित्र, भांडणं, थट्टामस्करी, आणि माझ्या आधी काही प्रेमंबिमं झाली असतील तर तीही, बंगालीत झालेली. मोठ्या झालेल्या त्याच्याशी मराठीत कुणी कधी लाडानं बोललंच नव्हतं. शिवाय बंगालीत तो-ती-ते नसतं, त्यामुळे मराठी बोलताना तो लिंग अंदाजानं लावायचा. चहा झाली. माझा बायको. तू कधी आला? मी लगेच म्हणायचे, “झाला. माझी. आलीस.” भातातला खडा बाजूला काढावा इतक्या सहज. तो “हां, आलीस” म्हणायचा आणि पुढं जायचा. कधीकधी पुढं जायचाच नाही, वाक्य तिथंच राहायचं. ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला वाटायचं, शिकेल.

एकदा त्याच्या मित्राकडं जेवायला गेलो होतो. तिथं त्यानं बंगालीत काहीतरी किस्सा सांगितला. हातवारे, आवाज बदलणं, मध्येच थांबून सगळ्यांकडं बघणं, आणि ती खोली अक्षरशः लोळली हसून. एक बाई डोळे पुसत होती. मी नुसती हसरा चेहरा करून बसले. परत येताना टॅक्सीत म्हटलं, “मला सांग ना ती गोष्ट.” त्यानं मराठीत सांगितली. कुणीतरी कुठंतरी छत्री विसरला, ती दुसऱ्यानं नेली, मग ती परत आली. झालं. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. मला त्या वेळी रागच आला होता. इतका गमत्या माणूस सगळ्या कोलकात्याच्या वाट्याला आलाय आणि मला मिळालाय तो पाय धू म्हणणारा, असं वाटलं.

बंगाली का नाही शिकलीस, असं मला पुष्कळांनी विचारलंय. ऑफिस सेक्टर फाइव्हला, तिथं इंग्रजी आणि हिंदी चालतं. बाजारात बोटं दाखवून भागतं. पण खरं कारण तसलं नाही. मी माझं गाव सोडून आले, माणसं सोडून आले, आता भाषाही मीच बदलायची का, असा माझा हट्ट होता. अजूनही तो मला अगदीच चूक वाटत नाही.

तर जादूगार. मांत्रिक म्हटलं की लिंबू-मिरची आठवते, म्हणून मी जादूगारच म्हणते. त्याला विद्यापीठातून काढून टाकलेलं होतं. मोठा मंत्र टाकला की त्याचा डावा हात भाजायचा, म्हणून त्या हातात कायम हातमोजा. खुशामत केली की तो आक्रसायचा. सुरुवातीलाच मी एकदा धीटपणे लाडिक पर्याय दाबला, तर म्हणाला, आपल्याला उद्या डोंगर चढायचाय, झोपा. माझे कान गरम झाले. बरं, गेममध्ये मागं जाऊन पुन्हा उत्तर देता येतं, तसं मी दिलं.

मग मी हळूहळू शिकले. त्याला प्रश्न विचारलेले आवडायचे. जुनी पुस्तकं सापडली की विकायची नाहीत, त्याला द्यायची. गावातल्या चोरट्या गिरणीवाल्याला मी माफ केलं, तेव्हा तो रात्रीच्या मुक्कामाला स्वतः होऊन आपल्या बहिणीबद्दल सांगू लागला. मी स्क्रीनसमोर मराठीत उत्तरं द्यायची आणि मग त्या अर्थाचा पर्याय शोधायचा, हे ठरूनच गेलं. “अहो, मग तुम्ही तिला कळवलं का नाही?” “इतकं काय मनाला लावून घेता?” आठवड्याभरात मी दिवसाला जेवढं मराठी घरात बोलत होते, त्याहून जास्त त्या माणसाशी बोलत होते. पुढं एका वाड्यात लढाई झाली, त्यात तो माझ्यासाठी भाजला. मोजा काढून त्यानं हात पुढं केला आणि माझ्या तोंडून निघालं, “दुखतंय का रे?” अहोचा अरे झाला तो तिथं. मी घाईघाईनं दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं की काय म्हणून.

नवऱ्यानं त्याआधीचं पुष्कळ ऐकलेलं होतं. एका रविवारी तो मागे उभा राहून म्हणाला, “त्याला तुम्ही? आणि मला तू?”

“तो मोठा आहे तुझ्याहून.”

“तो काय बोलतो, जे मी नाय बोलत?”

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, “तो बोलतो.”

कुकरची शिट्टी झाली आणि तो गॅस बंद करायला गेला.

त्याच सुमाराला ऑफिसनं मला पुण्याच्या शाखेत यायचं का, असं विचारलं. काम तेच, हुद्दा वरचा. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. मी घरी सांगितलं. नवरा म्हणाला, “बघ. तुझी इच्छा.” मला पुण्याचं काही पडलं नव्हतं. मला त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, की जाऊ नको. तो म्हणेना आणि मी विचारेना. मी एकटी पुण्याला गेले तर पुन्हा एकत्र राहायला येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. जेवताना भाजी वाढताना ते आमच्यामध्ये असायचं.

दर शनिवारी दुपारी मी बराकपूरला माझ्या मैत्रिणीकडं जायचे. कोल्हापूरची, नवरा फौजेत, छावणीतलं घर. तिच्याकडं जाऊन पोटभर मराठी बोलायचं, भाकरी खायची आणि परत यायचं. त्या शनिवारी सियालदहला पोचले तर गाड्याच बंद. कुठंतरी वरची तार तुटली होती. स्टेशनभर माणसं पिशव्यांवर बसलेली, भाजीच्या पाट्या तशाच रचलेल्या. थोडं थांबले, मग मैत्रिणीला फोन केला आणि घरी परतले.

किल्लीनं दार उघडलं तर आतून माझ्या जादूगाराचा आवाज आला. तो इंग्रजीत शेकोटीपाशी सांगत होता, की मनोऱ्यातली सगळी पुस्तकं मी वाचली, पण त्यातल्या एकानंही मला कधी विचारलं नाही, की तुला थंडी वाजते का. हे त्याचं बोलणं मला पाठ होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते ऐकताना. आता त्याच्या पाठोपाठ नवऱ्याचा आवाज आला. खालच्या पट्टीत, जड करून काढलेला.

“मी खूप पुस्तक वाचला... पण कोणता पुस्तक मला विचारला नाही, की तुला थंड वाटते काय.”

मी खोलीच्या दारात गेले. तो स्क्रीनसमोर उभा होता, जादूगारासारखाच एक हात छातीवर ठेवून. स्क्रीनवर एक बाई होती, चिलखत घातलेली, लांब वेणी, रुंद कपाळ, हनुवटीला खळी. हनुवटीची खळी सोडली तरी ओळखू आलं असतं. ती मी होते. त्यानं मला बनवली होती आणि मला जादूगारासमोर बसवून त्याची वाक्यं म्हणत होता. “तुला थंड वाटते काय,” त्यानं पुन्हा म्हटलं, या वेळी अजून नाटकी.

“काय चाललंय?”

तो एवढा दचकला, की माऊस खाली पडला. चेहरा लाल झाला. “तू बराकपूर नाही गेला?”

“गेलीस. नाही गेलीस. काय चाललंय हे?”

“काय नाही. मी चेष्टा करत होतो.”

“काय?”

“चेष्टा करत होतो ना,” तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. “खूप दिवसापासून चेष्टा करतो आहे. होत नाही.”

मला काय झालं ते सांगते. माझ्या डोक्यात रक्त चढलं. घरात नवरा बोलत नाही म्हणून बाई एका चित्रातल्या माणसाशी बोलते, हे काही अभिमानाचं नाही, ते मला कळत होतं. पण ते माझं होतं. त्याची हा खूप दिवसांपासून टिंगल करतोय, माझी बाहुली बनवून करतोय, आणि वर तोंडानं सांगतोय! मी म्हटलं, “पुस्तक वाचलं. वाचला नाही. पुस्तकानं विचारलं नाही. थंडी वाजते. नक्कल करायची तर निदान नीट कर.” तो तसाच उभा राहिला. छातीवरचा हात खाली घ्यायलाही विसरला होता. मग त्यानं स्क्रीन बंद केली.

सोमवारी ऑफिसला पोचल्याबरोबर मी पुण्याला होकार कळवला.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. बरं झालं असतं झालं असतं तर. मंगळवारी सकाळी त्यानं मला चहा घेणार का, असं इंग्रजीत विचारलं. मला वाटलं रुसलाय. बुधवारीही इंग्रजी. गुरुवारी प्लंबर येणार असल्याचं त्यानं इंग्रजीत सांगितलं. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, स्वच्छ, मोजकं, आणि मी काही बोलले नाही. माझी अट मोडतोय, मोडू दे, असा माझाही ताठा होता.

एका दुपारी सुट्टी होती म्हणून गेम उघडला. जादूगार मनोऱ्याच्या पायथ्याशी माझी वाट बघत होता. इतके आठवडे मी ज्यासाठी पुस्तकं गोळा केली, माणसांना माफ केलं, ते आलं होतं. तो म्हणाला, हे सगळं संपल्यावर माझ्याबरोबर राहशील का. खाली पर्याय उमटले. मी तोंड उघडलं, आणि मला ऐकू आला तो नवऱ्याचा जड केलेला आवाज, चुकीच्या लिंगातला. कुठलाच पर्याय दाबवेना. जादूगार तसाच बघत राहिला, त्याला काय, तो वर्षभर बघत राहील. मी बंद केलं ते बंदच. त्या माणसाचाही मला राग आला, हे सांगायला हरकत नाही.

आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती बंगाली बाई. तिच्या मुलीची गणिताची परीक्षा जवळ आली होती, मुलगी फोनवर रडत होती. ही तिला समजावत होती, “चेष्टा कोर, मा. आरेकटू चेष्टा कोर.” मुलीलाही लाडानं मा म्हणतात तिथं. फोन ठेवल्यावर मी हसत हसत हिंदीत म्हटलं, “रडणाऱ्या पोरीला चेष्टा करायला कुठली आई सांगते?” तिला कळेना. मी म्हटलं, चेष्टा म्हणजे मस्करी, टिंगल. ती म्हणाली, “तुमच्यात असेल. आमच्यात चेष्टा म्हणजे प्रयत्न. मनापासून प्रयत्न.”

हा शब्द माझ्या कानांवरून त्या शहरात किती वेळा गेला असेल. रोज गेला असेल. बंगाली सुरू झालं की मी कान मिटून घ्यायचे.

मी उठून जिन्यात गेले. खूप दिवसापासून चेष्टा करतो आहे. होत नाही. पहिलं वाक्य मी ऐकलं होतं, दुसरं ऐकलंच नव्हतं. आणि मग एकेक यायला लागलं. मी उशिरा येत असले की तो फोनवर म्हणायचा, “मी तुझी अपेक्षा करतो आहे,” आणि मी मनात म्हणायचे, अपेक्षा मलाही आहेत. परत आत जाऊन ऑफिसातल्या त्या शेजारणीला विचारलं, अपेक्षा म्हणजे काय तुमच्यात? वाट बघणं. लग्नाच्या वाढदिवसाला तो माझा हात धरून म्हणाला होता, “मला तुझा आदर करायचा आहे,” आणि मी हात काढून घेतला होता, कारण आदर तर मला सासऱ्यांकडूनही मिळत होता. आदर म्हणजे? ती बाई लाजून हसली. म्हणाली, लाड. जवळ घेणं.

मी पुन्हा जिन्यात जाऊन बसले आणि रडले. मग मला त्याचा भयंकर राग आला. चूक माझ्या एकटीची आहे असं मी तेव्हाही मानलं नाही. शब्दावर भरवसा नसेल तर माणसानं दुसरा शब्द घ्यावा, हातवारे करावेत, बंगालीत ओरडावं, दार आपटावं. असं गप्प कसं राहतात? पण रागाच्या खाली नुसता आनंद होता, हेही खरं. तो माझ्यासाठी जादूगाराची वाक्यं मराठीत आणत होता. शनिवारी, मी घरात नसताना, कुणी दुरुस्त करायला नसताना. पुण्याचा होकार मागं घेता येत होता, अजून वेळ होता. त्यानं एकदा जाऊ नको म्हटलं, की मी तो मागं घेणार होते.

घरी पोचले तेव्हा तो स्वयंपाकघरात चहा टाकत होता. मी पर्सही खाली न ठेवता सगळं सांगितलं. चेष्टा, अपेक्षा, आदर, शेजारीण, सगळं. सांगताना मी हसत होते, तोही हसेल असं वाटत होतं मला. तो ऐकत राहिला. चहात साखर घातली, ढवळली.

मग तो इंग्रजीत बोलला. म्हणाला, असं होतं, यात कुणाचा दोष नाही. पुण्याची संधी चांगली आहे, तू घ्यायलाच हवी. मी अधूनमधून येत जाईन, विमानं बघून ठेवली आहेत. तुझ्या प्रगतीच्या आड यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलंय. तो सलग, शांतपणे, एकही शब्द न अडता बोलला. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. जादूगारही इतकं चांगलं बोलला नसता.

मी म्हटलं, “मराठीत सांग.”

त्यानं नाही अशी मान हलवली.

“हे सगळं नको. एकच सांग. जाऊ नको असं म्हणायचंय का तुला? तेवढं मराठीत म्हण. कसंही म्हण, मी काही बोलणार नाही.”

त्यानं गॅस बंद केला. कप पुढं ओढले, पुन्हा मागं सारले. ओठ हलले, थांबले. तो मनात एकेक शब्द तपासून बघतोय, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी पर्स घट्ट धरून उभी होते.

“मला तुझ्याशी मराठीत बोलायची भीती वाटते,” तो म्हणाला.

वाक्यात एकही चूक नव्हती.